आग कोणी लावली ते नंतर, आधी ती कळवू द्या

पत्र: आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात आहे, तीन बाजूंनी जंगल. मागच्या एप्रिलमध्ये दुपारी वणवा शिवेपर्यंत आला. पोरं फांद्या घेऊन धावली, दोघं भाजली, एकाचा हात अजून नीट वळत नाही. चार घरांचं तणस (भाताचा पेंढा) जळालं. दम्याच्या म्हाताऱ्यांनी दोन रात्री बसून काढल्या. सकाळी मोह वेचायला गेलेल्या बाया नेमक्या कुठे आहेत हे दुपारपर्यंत कोणाला सांगता येत नव्हतं. सगळ्या परत आल्या म्हणून निभावलं. आता गावात एका विधवा बाईकडे बोट दाखवतात, की तिनेच मोहाखालचा पाला पेटवला. तिची मुलगी शाळेत जायला तयार नाही. यंदा मोह फुलायच्या आत ग्रामसभा घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू? – एक उपसरपंच

उत्तर:

ताई,

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा. त्या बाईकडे दाखवलेलं बोट आधी खाली यायला हवं. माणुसकी म्हणून तर हवंच, पण गाव वाचवायलाही तेच लागतं.

सागाच्या वाळल्या पाल्यातली आग सकाळी आठ वाजता गुडघ्याच्याही खाली असते. वारा पडलेला असतो, रात्रीचा थोडा गारवा पाल्यात उरलेला असतो. तेव्हा चार जाणती माणसं ती अर्ध्या तासात आवरतात. तीच आग कोणी न कळवल्यामुळे अकरापर्यंत सरकत राहिली की ऊन चढतं, पाला कडकडीत होतो, झळा सुटतात आणि दुपारी दोनला ती चाळीस माणसांनाही ऐकत नाही. म्हणजे सगळं पहिल्या खबरेवर आहे. आणि ती खबर देऊ शकणारं माणूस बहुतेक वेळा मोह वेचणारी बाई, गुराखी किंवा सरपणाला गेलेलं पोरगं असतं. आग सांगितली तर आळ आपल्यावरच येतो हे गावाने एकदा दाखवून दिलं, की पुढच्या वेळी ते माणूस टोपली उचलून मुकाट्याने घरी येतं.

म्हणून ग्रामसभेचा पहिला ठराव हा करा: आग पहिल्यांदा कळवणाऱ्याला “तू तिथे काय करत होतास” हे गाव विचारणार नाही. चौकशी वनखात्याचं काम आहे, ते करतील. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असलेल्या माणसाने वणव्याची माहिती देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. खबर देणारा कायद्याने आपलं कर्तव्यच करत असतो, हे सभेत मोठ्याने वाचून दाखवा. आग मोहाखालूनच आली असंही धरून चालू नका. भाताच्या बांधीतली धसकटं पेटवणं, धुऱ्यावरचं गवत जाळणं, विझवल्याशिवाय टाकलेली बिडी, नवा तेंदूपत्ता चांगला फुटावा म्हणून लावलेली आग, लोंबलेल्या तारांची ठिणगी, यातलं काहीही असू शकतं. पेटताना कोणी पाहिलं नसेल तर गावाने निकाल देऊ नये.

सभेच्या आधी तुम्ही, आशाताई आणि गावातली एक वडीलधारी बाई अशा तिघी त्या बाईच्या घरी जा. सभेत तिला कोपऱ्यात बसवू नका. कोणतं मोहाचं झाड कुठे आहे, कोणत्या वाटेने धूर आधी दिसतो, हे तिच्यासारख्या बाया जाणतात. नजर ठेवणाऱ्या गटात तिचं नाव घाला. मुलीसाठी वर्गशिक्षिकेशी बोला आणि पहिले काही दिवस तिला शाळेत सोबत घेऊन जाणारी एखादी मोठी मुलगी ठरवून द्या.

आता मोहाचं. पाला जाळू नका एवढं सांगून कोणी ऐकत नाही, कारण पडलेलं फूल पाल्यात दिसत नाही ही अडचण खरी आहे. पर्याय हातात द्यावा लागतो. फुलं गळायला लागायच्या आधी प्रत्येक झाडाखालचा पाला खराट्याने ओढून फांद्यांच्या घेराबाहेर न्यायचा आणि पसरून टाकायचा, ढीग करायचा नाही. ढीग दिसला की पेटवायचा मोह होतो. झाडलेल्या जागेवर जुन्या साड्या जोडून अंथरा किंवा हिरवी शेडनेट टाका. वेचायचे कष्ट बरेच कमी होतात, फुलात माती येत नाही आणि भावही बरा मिळतो. साडी बुंध्याला घट्ट बांधू नका, रानडुकरं ओढतात. चार काठ्यांना सैल अडकवा. तेंदूच्या बाबतीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं बुडातून छाटली की आग न लावताही कोवळी, मोठी पानं येतात. तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवरच्या मुकादमाला आणि ठेकेदाराच्या माणसाला सभेत बोलावून हे त्यांच्यासमोर ठरवा, कारण आग लावायला बाहेरून माणूस पाठवला जातो अशी तक्रार बऱ्याच गावांत असते.

रानात कोण आहे याची नोंद ही तुमच्या गावातली सर्वांत मोठी उणीव दिसते. वही ठेवली तर पहाटे चारला ती कोणी उघडणार नाही. त्याऐवजी जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर शेवटच्या घराच्या भिंतीला एक फळी ठोका. तिच्यावर खिळ्यांच्या चार ओळी, प्रत्येक ओळीवर एका दिशेचं गावातलं नाव: पहाडीकडे, नाल्यापलीकडे, बोडीकडे, जुन्या पांदणीकडे. वेचणाऱ्या प्रत्येक टोळीला पत्र्याची एक चकती द्या, तिच्यावर टोळीच्या म्होरकीचं नाव आणि माणसांची संख्या रंगवा. जाताना चकती त्या दिशेच्या खिळ्याला अडकवायची, येताना काढायची. साडेअकराला त्या घरातल्या माणसाने फळी पाहायची. चकती लटकलेली असेल तर फोन लावायचा, नाहीतर त्या दिशेला टोळी पाठवायची. वाचता न येणाऱ्यालाही हे जमतं. वाघाच्या पट्ट्यात राहता, तेव्हा ही फळी आग नसतानाही कामाची आहे. उजाडायच्या आत एकट्याने जायचं नाही, हेही त्याच ठरावात घाला.

कळवायचं कोणाला हे आधीच ठरलेलं हवं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, वीज तक्रार १९१२, जनावरांच्या डॉक्टरांची गाडी १९६२. हे आकडे आणि तुमच्या बीटच्या वनरक्षकाचा मोबाईल पंचायतीच्या भिंतीवर तेलरंगाने लिहा. कागद उन्हाने उडतो. फोन करणारा एकच माणूस आणि त्याला पर्यायी एक. त्याने सांगायचं ते एवढंच: गाव, आगीची दिशा, माहीत असल्यास जंगलाच्या त्या भागाचा कक्ष क्रमांक, ज्योत गुडघ्याएवढी की माणसाएवढी, वारा कुठून कुठे वाहतोय, आणि त्या बाजूला माणसं आहेत का. जंगलात रेंज कुठे मिळते त्या तीन-चार जागा पोरांना ठाऊक असतात, त्या सगळ्यांना सांगून ठेवा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून टिपलेल्या आगीचे एसएमएस पाठवते, त्यासाठी कोणालाही नाव नोंदवता येतं. पोलीस पाटलांनी आणि तुम्ही जरूर नोंदवा. पण तेवढ्यावर विसंबू नका. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि त्याच्या नजरेचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. सकाळी लागलेली लहान आग त्याला दुपारी दिसेल, किंवा दिसणारच नाही.

पोरांच्या भाजण्याबद्दल तुम्ही तपशील दिलेला नाही, पण अशी दुखापत बहुतेक वेळा एकाच प्रकारे होते. गावाकडे येणारं आगीचं तोंड दिसतं, पोरं त्याच्या समोर जाऊन उभी राहतात आणि झोडपायला लागतात. वारा एक झोत देतो आणि ज्योत अंगावर येते. पाठीमागे न जळलेलं गवत असतं, पळायला जागा नसते.

आग विझवायची ती मागून आणि बाजूने. आधी जळून काळं झालेल्या भागात शिरायचं, तिथून कडेकडेने पुढे सरकायचं. एक पाय कायम काळ्यात ठेवायचा. जे जळून गेलं ते पुन्हा पेटत नाही, म्हणून संकटात पळायची जागाही तीच. तोंडासमोर, चढावर आगीच्या वरच्या बाजूला आणि अरुंद नाल्यात कोणीही उभं राहायचं नाही. आग चढाने उताराच्या कितीतरी पट वेगाने धावते, कारण ज्योत वरच्या पाल्याला आधीच तापवून ठेवते. नाल्यात तर धूर आणि झळ कोंडून वर ओढली जाते. ज्योत कमरेच्या वर गेली की हाताने विझवायचा नाद सोडायचा आणि मागे यायचं. ही मर्यादा पोरांना सभेत उभं करून दाखवा, नुसती सांगू नका.

सहा जणांची एक टोळी करा. त्यातल्या एकाच्या हातात काहीही नसावं, फक्त शिट्टी. तो वारा, वर पेटलेल्या फांद्या आणि मागे यायची वाट एवढंच पाहतो. तीन वेळा शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून सगळे काळ्यात. हा माणूस टोळीत नसला की इतर पाचजण जमिनीकडे पाहत राहतात आणि वारा फिरल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. हे काम सर्वांत तापट पोराला देऊ नका.

फांदी ओल्या पानांची हवी, पळस किंवा करंज चालतो. डोक्यावर उचलून दाणकन मारली की निखारे उडून मागे नवी आग लागते. फांदी ज्योतीवर दाबायची आणि काळ्या भागाकडे ओढायची. पानं कोमेजली की टाकून नवी घ्यायची. वनखात्याकडे पाला उडवणारे ब्लोअर असतात, ते मिळाले तर उत्तम, पण नळीचं तोंड जळत्या बाजूकडेच हवं. किंचित तिरकी झाली तरी निखारे न जळलेल्या बाजूला जातात. पेट्रोल भरताना मशीन बंद करून गार होऊ द्यायची आणि काळ्या भागात, धुमसणाऱ्या लाकडापासून दूर भरायचं. समोरून उलटी आग लावून वणवा अडवायचं काम गावाने मुळीच करू नये. ते वनखात्याच्या शिकलेल्या माणसांनीच, वारा पाहून करायचं.

कपड्यांचं पुन्हा पुन्हा सांगा. पोरांच्या अंगात असतात ते खेळाचे टी-शर्ट आणि लोअर वितळतात आणि कातडीला चिकटतात. भाजलेल्या हाताला जन्मभराची आखड येण्याचं हे एक मोठं कारण. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट, चामडी बूट, डोक्याला सुती दुपट्टा. प्लास्टिकची चप्पल घालून आलेल्याला परत पाठवा. मे महिन्यात ४५ अंशाच्या उन्हात आगीजवळ काम म्हणजे वीस मिनिटं काम, दहा मिनिटं सावली, दर पंधरा मिनिटांनी एक पेला पाणी. एखादा बरळायला लागला, अडखळला, अंग तापून घाम थांबला तर तो थकला नाही, त्याला उष्माघात झालाय. सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप जवळजवळ प्रत्येक घरात आहे. वाहत्या आगीसमोर तो बिनकामाचा, पण आग विझल्यावर धुमसणारी खोडं, शेणाच्या वाळल्या पोवट्या आणि बांबूची बेटं भिजवायला त्याच्यासारखं साधन नाही. त्यात कीटकनाशक किंवा तणनाशक राहिलेलं असतं, म्हणून हंगामाआधी पाच-सहा पंप साबणाच्या पाण्याने तीनदा धुऊन फक्त या कामाला बाजूला काढा आणि त्यांच्यावर रंगाने तशी खूण करा.

गावाभोवतीची मोकळी पट्टी फेब्रुवारीत व्हायला हवी. शिवेवरच्या वावरांतून ट्रॅक्टरने पंजी किंवा रोटाव्हेटर मारून चार मीटर रुंद माती उघडी करा. उंच गवत, घाणेरीची झुडपं किंवा बांबू लागून असेल तिथे दहा मीटर. बैलाच्या वखराने दोन आडव्या-उभ्या पाळ्या दिल्या तरी चालतं, फक्त धसकटं मातीआड व्हायला हवीत. पुढे गफलत अशी होते की पट्टी एकदा केली की गाव विसरून जातं. वाऱ्याने सागाची पानं त्याच पट्टीवर येऊन साचतात आणि एप्रिलपर्यंत तिचा पूल होतो. आठवड्यातून एकदा पट्टीवरचा पाला हटवण्याची पाळी वॉर्डवार लावा. पट्टी वनजमिनीत न्यायची असेल तर आधी वनरक्षकाशी बोला. जंगलातल्या जाळरेषा, म्हणजे आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्या, त्यांच्या अखत्यारीत असतात. तुमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर मात्र राखणीचं नियोजन ग्रामसभा स्वतः करू शकते.

आता तणस. जंगलातली आग घरापर्यंत क्वचित चालत येते. येतात उडते निखारे, आणि ते घरामागच्या सांदवाडीतल्या तणसावर पडतात. तिथून आग कवेलूंच्या फटीतून वाशांना लागते. उन्हाळ्यापुरते ढीग घरांपासून निदान तीस मीटर दूर, उघड्या बांधीत हलवा, आणि एकाच जागी सगळ्यांचे ढीग रचू नका. दोन ढिगांत पंधरा मीटर अंतर ठेवा. ज्याला जागा नाही त्याला पंचायतीची द्या. घरालगत आठवडाभराच्या चाऱ्यापुरतंच तणस. ताडपत्रीने ढीग सुरक्षित होत नाही, प्लास्टिकची ताडपत्री निखाऱ्याने छिद्र पडून वितळते आणि खाली ठिणगी पोचते. पेटलेल्या ढिगावर वरून पाणी ओतणं ही नेहमीची चूक. रचलेलं तणस छपरासारखं पाणी बाहेर सारतं आणि आत आग जिवंत राहते. वारा पाठीवर येईल असं उभं राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने ढीग थराथराने ओढून पसरायचा आणि पसरलेल्यावर पाणी मारायचं. ढिगावर चढायचं नाही. आतून जळून पोकळ झालेला असतो, पाय खाली जातो.

वीज गेली की बोअर बंद पडतो हे त्या घाईत आठवतं. हंगामभर संध्याकाळी गावाची टाकी, शाळेची टाकी आणि एक ट्रॅक्टर टँकर भरून ठेवायचा. आग विजेच्या तारांखाली आली तर लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या. डीपीवर पाणी कोणी मारू नये. डीपीच्या खालचं गवत आत्ताच कापून घ्या.

गाव हलवायची वेळ आली तर जमायच्या दोन जागा हव्यात, दोन वेगळ्या दिशांना, कारण वारा कुठून येईल ते आधी ठरत नाही. नांगरलेली उघडी बांधी किंवा मामा तलावाची (जुन्या मालगुजारी तलावाची) कोरडी, गवत नसलेली बाजू उत्तम. विहिरीत उतरून बसायचा विचार लोक करतात. तसं करू नका, जड धूर खाली बसतो आणि आतली हवा जीव घेते. दर पंधरा-वीस घरांमागे एक जबाबदार माणूस नेमा. त्याच्याकडे यादी: अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया, तान्ही मुलं, एकटे राहणारे म्हातारे, ऐकू न येणारे. देवळाचा आणि विहाराचा भोंगा, दोन्ही वापरा, आणि निरोप एकच असावा. निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद, चूल विझवलेली, गुरांची दावी सोडलेली. घाईत दावं सुटत नाही, म्हणून गोठ्याच्या खांबाला विळा टांगून ठेवा. गुरं नुसती मोकळी सोडली की ती धूर दिसूनही सवयीने गोठ्याकडे परततात, त्यामुळे गोठ्याचं फाटक लावून त्यांना नांगरलेल्या वावरात हाकलत न्या. धुराने आग्या मोहोळ उठतं, तेव्हा जमायच्या जागेजवळच्या झाडांवर मोहोळ आहे का हे आधी पाहून ठेवा.

तुमच्या म्हाताऱ्यांच्या दोन रात्रींवर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण वणव्यात ज्योतीपेक्षा धूर जास्त माणसांपर्यंत पोचतो. रात्री हवा गार झाली की धूर खाली बसतो, पहाटे सर्वांत दाट असतो, नऊ-दहानंतर उन्हाने वर उचलला जातो. म्हणजे दार-खिडक्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत बंद, आणि धूर उठला की उघडायच्या. दिवसभर कोंडून ठेवलं तर ४४ अंशात उष्माघाताने माणूस जाईल. शाळेची किंवा समाजमंदिराची स्लॅबची एक खोली धुरापासून आसरा म्हणून ठरवा. दाराच्या फटीत ओल्या पोत्याच्या घड्या, आत पंखा चालू, पण चूल, उदबत्ती, मच्छर कॉइल, बिडी काहीही नाही. कूलर बंद ठेवा. तो बाहेरची हवा आत खेचतो, त्याच्या जाळीतून बारीक धूर सरळ आत येतो आणि खोली आसऱ्याऐवजी धुरांडं होते. तोंडाला बांधलेला ओला गमछा राख अडवतो, बारीक धूर अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो, तोही नाकाशी घट्ट बसला तर. पंचवीस-तीस मास्क घेऊन ठेवा आणि ते दमा, जुना खोकला, हृदयविकार असलेल्यांना आणि गरोदर बायांना द्या. विषारी वायूपासून मात्र कोणताच साधा मास्क वाचवत नाही.

दम्याच्या प्रत्येक माणसाचं इन्हेलर भरलेलं आहे का हे आशाताईंनी हंगामाच्या सुरुवातीला पाहावं. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, किंवा माणूस सुस्त होतो, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८. कोविडच्या काळातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर वापरा, ९४ च्या खाली आकडा आला तर डॉक्टरांना विचारा, ९० च्या खाली तर लगेच हलवा. पण कोंडलेल्या धुरात सापडलेल्या माणसाचा आकडा चांगला दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात बसतो आणि यंत्र फसतं. डोकेदुखी, मळमळ, झापड असेल तर त्याला ऑक्सिजन लागतो आणि तो दवाखान्यातच मिळतो.

भाजल्यावर पहिला उपाय पाणी, वीस मिनिटं सलग वाहतं. इथे एक गोष्ट सांभाळा: एप्रिलच्या दुपारी टाकीच्या नळाचं पहिलं पाणी कढत येतं. आधी हाताच्या मागच्या बाजूने पाहा, वाहू द्या, नाहीतर हापशाचं किंवा रांजणातलं घ्या. बर्फ लावायचा नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ, जोडवी, करदोटा सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतीचं कापा. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई यातलं काही नाही, स्वच्छ सुती कापड सैल झाका. भाजल्याला दोन तास झाले असले तरी पाणी उपयोगाचं असतं. चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग भाजलं असेल किंवा जखम रुग्णाच्या स्वतःच्या तळव्यापेक्षा मोठी असेल तर दवाखाना. नाकात काजळी, आवाज बसलेला, भुवया जळालेल्या असतील तर माणूस “मला काही झालं नाही” म्हणाला तरी न्याच, आतली श्वासनळी काही तासांनी सुजते. ज्या मुलाचा हात अजून वळत नाही त्याला जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जन आणि फिजिओथेरपी विभागात दाखवा. आखडलेली कातडी वर्षानंतरही व्यायामाने, पट्ट्याने किंवा शस्त्रक्रियेने सुधारता येते. नशीब म्हणून सोडून देऊ नका.

वणवा विझल्यावर निदान दोन दिवस टोळीने कडेने फिरायचं. धुमसणाऱ्या खोडावर हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब तपासा, खणा, भिजवा. वठलेली झाडं बुडातून जळत राहतात आणि आवाज न करता पडतात, त्यांच्याखालून वाट ठेवू नका. खोड जळून गेल्यावर जमिनीखालच्या मुळ्याही जळतात आणि वर राखेचा पातळ थर राहतो. त्यावर पाय पडला की गुडघ्यापर्यंत निखाऱ्यात जातो. मुलांना आणि गुरांना आठवडाभर त्या रानात पाठवू नका.

जनावर दगावलं असेल तर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, घर आणि तणसाचे फोटो तारखेसकट काढा. पुरल्यावर नुकसानभरपाईचा दावा सिद्ध करणं फार अवघड जातं.

ज्यांची गुरं गेली, ज्यांना झोप लागत नाही, धुराच्या वासाने जी मुलं दचकतात, त्यांच्यासाठी टेली-मानस १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो नंबर भिंतीवर बाकीच्या आकड्यांच्या ओळीतच लिहा. त्या बाईंच्या घरी जाल तेव्हा तिच्या मुलीच्या वहीतही लिहून द्या.